पाररिमूव्ह चालवूनही हार्डवेअर पार्टिशन यादीतून जात नसेल तर

सुपरडोम, आरपी८४२०, आरएक्स७६४०, आरएक्स८६४० अशा सेल-आधारित (प्रोसेसर व मेमरी असलेल्या ‘सेल’ नावाच्या बोर्डांपासून बनलेल्या) एचपी सर्व्हरवरून एखादे एनपार्टिशन, म्हणजे काही सेल मिळून बनलेले स्वतंत्र हार्डवेअर पार्टिशन, पाररिमूव्ह कमांडने काढताना येणारी अडचण वेगवेगळ्या रूपांत समोर येते, पण तिची मुळे थोडी आणि ठरलेली आहेत. ही दुरुस्ती मी वारंवार केलेली असल्याने तपासण्यांचा जो क्रम कमीत कमी धोक्यात काम पुरे करतो, तो येथे दिला आहे. त्यांवरील एचपी-यूएक्स ११आय व्ही३ या ऑपरेटिंग सिस्टिमचा मानक सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होता. त्यामुळे ही यंत्रे रिकामी करणे, उरलेले काम कमी पार्टिशनमध्ये आणणे आणि सेल मोकळे करणे ही कामे पुष्कळ ठिकाणी निघाली आहेत.

लक्षणे

• पाररिमूव्हची कमांड लगेच नाकारली जाते आणि पार्टिशन सक्रिय असल्याचे कारण दिले जाते.

• कमांड विनातक्रार पूर्ण होते, पण पारस्टेटस या स्थिती दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत पार्टिशन तसेच दिसते आणि त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिमही चालूच राहते.

• मशीन रीबूट केले तरी पार्टिशन जुन्याच सेलांसह पुन्हा उभे राहते.

• त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही पार्टिशनमध्ये सेल घालणे किंवा काढणे जमत नाही. कॉम्प्लेक्स प्रोफाइल (संपूर्ण सर्व्हरची, म्हणजे कॉम्प्लेक्सची, रचना-माहिती) लॉक आहे किंवा त्यात बदल प्रलंबित आहे, असा संदेश येतो.

• रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून लॉगिन केलेले असूनही अधिकार नसल्याचा संदेश येतो.

• पार्टिशन यादीतून जाते, पण त्याचे सेल दुसरीकडे जोडता येत नाहीत.

तपासणीला लागण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढच्या बहुतेक पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. कोणता सेल कोणत्या पार्टिशनचा, ही माहिती ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्कवर नसते. ती कॉम्प्लेक्स प्रोफाइलच्या ‘स्टेबल कॉम्प्लेक्स कॉन्फिगरेशन डेटा’ या भागात असते आणि सर्व्हिस प्रोसेसर (सर्व्हरवर देखरेख करणारा वेगळा प्रोसेसर), म्हणजेच एमपी, ती सांभाळतो. पाररिमूव्ह या माहितीत बदल करण्याची मागणी नोंदवते. ती मागणी प्रत्यक्षात उतरण्यासाठी संबंधित पार्टिशनचे सर्व सेल निष्क्रिय व्हावे लागतात, म्हणजे ‘बूट-इज-ब्लॉक्ड’ या स्थितीत येऊन थांबावे लागतात. तोवर मागणी प्रलंबित राहते, आणि ती प्रलंबित असेपर्यंत या भागात दुसरा कोणताही बदल करता येत नाही. वरच्या यादीतील दुसरे, तिसरे आणि चौथे लक्षण म्हणजे याच एका अवस्थेचे तीन टप्पे आहेत.

या कमांडांमध्ये पर्यायाचे अक्षर मोठे की लहान यावर अर्थ बदलतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी ते स्पष्ट लिहिले आहे. पारस्टेटसला मोठा पी दिला की सर्व पार्टिशनची यादी येते. लहान पी नेहमी पार्टिशनच्या क्रमांकाआधी लागतो.

पहिली तपासणी: क्रमांक बरोबर आहे का

या तपासणीला काहीही लागत नाही, आणि ती चुकल्यास होणारे नुकसान सर्वांत मोठे असते. पारस्टेटस मोठ्या पी पर्यायासह चालवावी. प्रत्येक पार्टिशनचा क्रमांक, ते सक्रिय आहे की निष्क्रिय, त्यात किती सेल आणि किती आय-ओ चॅसी (कार्डांचे खण) आहेत, कोअर सेल (पार्टिशनचा मुख्य सेल) कोणता आणि पार्टिशनचे नाव काय, हे एका ओळीत दिसते. क्रमांक शून्यापासून सुरू होतात. म्हणून तोंडी बोलण्यात येणारे ‘दुसरे पार्टिशन’ हे यादीतले क्रमांक १ असू शकते. कामाची मागणी लेखी आलेली असेल तर तीत क्रमांक, नाव आणि सेलांची स्थाने या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात आणि तिन्ही यादीशी जुळल्याखेरीज पुढे जाऊ नये.

यानंतर पारस्टेटस लहान डब्ल्यू पर्यायासह चालवावी. आपण ज्या पार्टिशनवर लॉगिन आहोत त्याचा क्रमांक ती सांगते. काढायचे पार्टिशन हेच असेल तर पद्धत वेगळी, दुसरे असेल तर वेगळी. दोन-तीन खिडक्या उघड्या असताना आपण नेमके कोठे आहोत हे प्रॉम्प्टवरून गृहीत धरू नये.

शेवटी पारस्टेटस मोठ्या सी पर्यायासह चालवून सेलांचा तक्ता पाहावा. त्यात डावीकडे कॅबिनेट ०, सेल २ अशा स्वरूपात हार्डवेअरचे स्थान असते, नंतर सेलचा प्रत्यक्ष वापर, प्रोसेसर, मेमरी आणि जोडलेली चॅसी येते, आणि अगदी उजवीकडच्या रकान्यात पार्टिशनचा क्रमांक असतो. ज्या सेलासमोर या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे, तो कोणालाही दिलेला नाही. काम पूर्ण झाले की नाही हे शेवटी याच रकान्यावरून ठरते, म्हणून सुरुवातीचा तक्ता जपून ठेवावा.

दुसरी तपासणी: परतीची वाट नोंदलेली आहे का

पार्टिशनची व्याख्या एकदा पुसली की ती परत आणणारी कमांड नाही. पारक्रिएटने नवे पार्टिशन बनवावे लागते, आणि त्यासाठी जुन्याचा तपशील हाताशी लागतो. म्हणून पारस्टेटस मोठा व्ही आणि लहान पी, पुढे क्रमांक, असे देऊन सविस्तर माहिती फाइलमध्ये घ्यावी आणि ती फाइल त्या पार्टिशनच्या बाहेर ठेवावी. सेटबूटने प्राथमिक आणि पर्यायी बूट-मार्ग टिपून घ्यावेत, तसेच आयओस्कॅनने जोडलेल्या हार्डवेअरची संपूर्ण यादी घ्यावी. इंटिग्रिटी (इटॅनियम प्रोसेसरच्या) यंत्रावर ईएफआय शेलमधून (बूटपूर्वीच्या कमांड खिडकीतून) बूट पर्यायांची यादीही उतरवून घ्यावी.

पार्टिशन सर्व्हिसगार्ड क्लस्टरचा (एकमेकांना पर्याय ठरणाऱ्या सर्व्हरांच्या गटाचा) भाग असेल तर सीएमव्ह्यूसीएल कमांडने स्थिती पाहून नोड (गटातील हा सभासद) रीतसर थांबवावा आणि क्लस्टरच्या रचनेतून काढावा. असे न केल्यास उरलेले नोड नाहीशा झालेल्या सभासदाला शोधत राहतात, आणि पुढे उद्भवलेल्या त्रासाचे मूळ या कामात आहे हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

तिसरी तपासणी: पार्टिशन खरोखर निष्क्रिय आहे का

अडलेली बहुतेक कामे इथेच सुटतात, म्हणून या तपासणीवर अधिक वेळ द्यावा.

ऑपरेटिंग सिस्टिम बंद असणे आणि पार्टिशन निष्क्रिय असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. एचपी ९००० (पीए-रिस्क प्रोसेसरच्या) यंत्रावर शटडाउनला लहान एच पर्याय दिला तर एचपी-यूएक्स थांबते, कन्सोलवर काहीही हलत नाही, पण सेल सक्रियच राहतात. कन्सोल पाहणारा माणूस पार्टिशन बंद आहे असे म्हणतो, पारस्टेटस ते सक्रिय आहे असे म्हणते, आणि पाररिमूव्ह पारस्टेटसचेच ऐकते. इंटिग्रिटी यंत्रावर मात्र लहान एच पर्यायाचा परिणाम पुनर्रचनेसाठीच्या (सेल निष्क्रिय करणाऱ्या) शटडाउनसारखाच होतो. दोन्ही प्रकारची यंत्रे एकाच ठिकाणी असली की घोटाळा होतो तो या फरकामुळे. साधा रीबूट तर कोणत्याच यंत्रावर उपयोगाचा नाही, कारण त्यात सेल निष्क्रिय होऊन थांबत नाहीत आणि प्रलंबित बदल तसाच राहतो.

दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर लागू पडणारी पद्धत म्हणजे शटडाउनला मोठा आर आणि मोठा एच हे दोन्ही पर्याय एकत्र देणे. मोठा आर पुनर्रचनेसाठी बंद करतो. मोठा एच त्यानंतर आपोआप होणारा बूट रोखून सेल निष्क्रिय ठेवतो. मोठा एच एकटा चालत नाही, त्याच्याबरोबर मोठा आर लागतोच. एचपी-यूएक्सवर ही कमांड मूळ डिरेक्टरीतून चालवावी लागते, म्हणून आधी तेथे जावे.

दूरचे पार्टिशन काढायचे असल्यास क्रम असा राहतो: त्या पार्टिशनवर वरीलप्रमाणे शटडाउन, मग दुसऱ्या पार्टिशनवरून पारस्टेटसने ते निष्क्रिय झाल्याची खात्री, आणि त्यानंतर पाररिमूव्ह, लहान पी व क्रमांक. सेल आधीच निष्क्रिय असल्याने बदल तेव्हाच लागू होतो.

स्वतः ज्यावर आहोत तेच पार्टिशन काढायचे असल्यास क्रम उलटा होतो. आधी पाररिमूव्हला क्रमांकासह मोठा एफ पर्याय द्यावा लागतो. त्याशिवाय ती कमांड नाकारली जाते. कमांड पूर्ण झाल्यावर यंत्र पूर्वीसारखेच चालत राहते, आणि नेमकी इथेच गफलत होते. काही घडलेच नाही असे वाटून कमांड पुन्हा दिली जाते, किंवा मोकळे झालेले सेल समजून पारक्रिएट चालवली जाते आणि ती लॉकवर आपटते. प्रत्यक्षात मागणी नोंदली गेलेली असते आणि ती सेल निष्क्रिय होण्याची वाट पाहत असते. मोठा आर, मोठा एच शटडाउन केले की ती लागू होते.

शटडाउननंतर एमपीच्या मुख्य मेनूतून व्हीएफपी (स्थिती दाखवणारा पडदा) उघडून ठेवावे. पार्टिशनमधील सेलांची बूट-स्थिती तेथे प्रत्यक्ष बदलताना दिसते. सर्व सेल बूट-इज-ब्लॉक्डपर्यंत पोहोचेपर्यंत दुसरी कोणतीही कमांड देऊ नये. एकच सेल मागे राहिला तरी बदल अडतो, आणि तो कोणता हे याच पडद्यावर कळते. बाहेर पडण्यासाठी कंट्रोल आणि बी दाबावे.

एक सावधगिरी: मोठा एफ हा अडलेले काम रेटण्याचा पर्याय नाही. दुसरे पार्टिशन सक्रिय असेल तर ते बंद करणे हाच मार्ग आहे.

चौथी तपासणी: आत व्हीपार चालू आहेत का

पार्टिशनमध्ये व्हर्च्युअल पार्टिशन (व्हीपार) असतील तर एका व्हीपारवर केलेले पुनर्रचनेचे शटडाउन पुरत नाही. सर्व व्हीपार बंद होईपर्यंत सेल निष्क्रिय होत नाहीत, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला शटडाउन अडकल्यासारखे दिसते. व्हीपारस्टेटसने यादी घ्यावी आणि प्रत्येक व्हीपार त्याच पद्धतीने बंद करावा. कोणाच्या ध्यानात नसलेला एखादा चाचणीचा व्हीपार पुरेसा असतो.

पाचवी तपासणी: अधिकार आणि दूरस्थ जोडणी

रूट असूनही दुसऱ्या पार्टिशनवर कमांड चालत नसेल तर एमपीच्या कमांड मेनूतील पारपर्म (पार्टिशनांचे अधिकार ठरवणारी सेटिंग) पाहावे. ते ‘मर्यादित’ ठेवलेले असेल तर एका पार्टिशनवरून दुसऱ्याच्या रचनेत बदल करता येत नाही. ही सेटिंग बहुधा सुरक्षेच्या धोरणानुसार जाणीवपूर्वक केलेली असते. ती बदलण्याआधी यंत्राच्या मालकाची लेखी संमती घ्यावी आणि काम झाल्यावर ती पूर्ववत करावी.

कमांड बाहेरच्या यंत्रावरून दिली जात असेल तर लहान यू आणि लहान जी या दोन वाटांमधील फरक ध्यानात ठेवावा. लहान यू आणि लहान एच यांची जोडी लक्ष्य पार्टिशनवरील डब्ल्यूबीईएम या दूरस्थ व्यवस्थापनाच्या सेवेमार्फत जाते, म्हणून तेथे ऑपरेटिंग सिस्टिम चालू असावी लागते आणि ती सेवा पुरवणारी सिमसर्व्हर ही प्रक्रियाही चालू असावी लागते. लहान जी आणि लहान एच यांची जोडी थेट एमपीशी आयपीएमआय या हार्डवेअर-व्यवस्थापनाच्या प्रोटोकॉलने बोलते, आणि त्यासाठी एमपीच्या एसए कमांडमध्ये आयपीएमआयचा प्रवेश खुला असावा लागतो. जे पार्टिशन नुकतेच बंद केले, त्याच्याच पत्त्यावर लहान यू वापरून कमांड देणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. तिथे उत्तर द्यायला कोणी उरलेलेच नसते.

सहावी तपासणी: प्रलंबित बदल आणि लॉक

इथवर सर्व ठीक असूनही प्रोफाइल लॉक असल्याचा संदेश येत असेल, तर हा बदल कोणाचा आहे हा पहिला प्रश्न. लॉक उघडणारी पारअनलॉक कमांड चालवण्याआधी या कॉम्प्लेक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाला विचारावे आणि सर्व सक्रिय पार्टिशनमधील कमांडांचा अलीकडचा इतिहास पाहावा. दुसऱ्या कोणी सेल हलवण्याची मागणी नोंदवून रात्रीच्या नियोजित बंदची वाट पाहत असेल, तर तुम्ही काढून टाकत आहात ती अडचण नाही, त्याचे पूर्ण झालेले काम आहे, आणि हे त्याला पार्टिशन बंद केल्यानंतरच कळेल.

उत्तर मिळाल्यावर पर्याय नेमका निवडावा. मोठा पी पर्याय स्टेबल भागातील प्रलंबित बदल रद्द करतो. लहान एस त्या भागाचे लॉक उघडतो. लहान पी आणि क्रमांक दिल्यास त्या एका पार्टिशनच्या रचना-माहितीचे लॉक उघडते. मोठा ए मात्र सगळी लॉक उघडतो आणि सगळे प्रलंबित बदल रद्द करतो, म्हणून माझ्या मते चालू उत्पादनातील यंत्रावर तो वापरूच नये. लॉक दर वेळी बिघाडाचे असते असेही नाही. एखादी कमांड त्या क्षणी प्रोफाइल लिहीत असेल तर लॉक असणे योग्यच आहे आणि ती संपल्यावर ते सुटते. थोडे थांबून पुन्हा पाहणे हा पारअनलॉकपेक्षा स्वस्त उपाय आहे.

प्रलंबित बदल तुमचाच असेल, म्हणजे मोठ्या एफने स्वतःचेच पार्टिशन काढण्याची मागणी नोंदवलेली असेल, तर तो रद्द करण्याची गरज नाही. तिसऱ्या तपासणीतील शटडाउन करावे.

सातवी तपासणी: सेल मोकळे झाले, पण हाती येत नाहीत

पारस्टेटसला मोठा ए आणि मोठा सी दिल्यास उपलब्ध सेलांची यादी येते. काढलेल्या पार्टिशनचा एखादा सेल तीत नसेल तर सेलांच्या मूळ तक्त्यात त्याची स्थिती पाहावी. तो वीज बंद किंवा अनुपस्थित दिसत असेल, तर एमपीच्या पीएस कमांडने त्याच स्थानाची विजेची स्थिती तपासावी. वीज कोणीतरी पीई कमांडने बंद केलेली असेल तर ती तेथूनच परत देता येते. वीज दिल्यावरही सेल स्वचाचणी पूर्ण करत नसेल तर थांबावे. ती हार्डवेअरची बाब आहे.

इन्स्टंट कपॅसिटीचा (वापर-हक्क घेतलेलेच कोअर चालवण्याचा) करार असलेल्या यंत्रावर मोकळे सेल दुसरीकडे लावून कोअर चालू करण्याआधी आयकॅपस्टेटसने वापर-हक्कांची शिल्लक पाहावी. सेल मोकळा असला म्हणजे त्यावरचे सर्व कोअर चालवण्याचा हक्क असतोच असे नाही.

आठवी तपासणी: एमपीवरून पुनर्रचनेचा रीसेट

ऑपरेटिंग सिस्टिम प्रतिसादच देत नसेल, शटडाउन पूर्ण होत नसेल, आणि त्या पार्टिशनवरील माहितीचा बॅकअप तपासलेला असेल, तरच ही पायरी घ्यावी. पार्टिशन बीसीएच मेनूवर (एचपी ९००० च्या बूटपूर्वीच्या मेनूवर) किंवा ईएफआय शेलवर थांबलेले असेल तर तेथूनच ‘रीकॉन्फिगरीसेट’ द्यावा, कारण त्या वेळी एकही फाइल सिस्टिम माउंट केलेली नसते. नसेल तर एमपीच्या कमांड मेनूतील आरआर (पुनर्रचनेचा रीसेट) हा मार्ग उरतो. आरआर ऑपरेटिंग सिस्टिमला न कळवता सेल तत्काळ रीसेट करतो; लिहिणे चालू असलेल्या डिस्कवर त्याचा परिणाम वीज तोडल्यासारखाच होतो. त्याच्या शेजारी असलेला आरएस हा साधा रीसेट आहे आणि तो सेल निष्क्रिय ठेवत नाही, म्हणून तो या कामासाठी निरुपयोगी आहे. आरआर देताना पार्टिशनचा क्रमांक पुन्हा विचारला जातो. तेव्हा पहिल्या तपासणीत घेतलेला तक्ता समोर धरून उत्तर द्यावे.

आरआरनंतर विचार बदलला आणि व्याख्या अजून पुसलेली नसेल, तर बीओ कमांडने पार्टिशन पुन्हा बूट करता येते.

येथे थांबावे आणि सेवा अभियंत्याला बोलवावे

एमपीच्या सीसी कमांडपर्यंत विचार पोहोचला असेल तर हात आखडता घ्यावा. ती जेनेसिस, म्हणजे आरंभीचे पहिले, पार्टिशन बनवून संपूर्ण कॉम्प्लेक्सची रचना नव्याने लिहिते, एका पार्टिशनची नव्हे; इतर पार्टिशनच्या व्याख्याही त्यात जातात. कॉम्प्लेक्समधील शेवटचे उरलेले पार्टिशनही अनुभवी साथीशिवाय काढू नये, कारण त्यानंतर नवी रचना करायला कॉम्प्लेक्समध्ये दुसरे पार्टिशनच उरत नाही.

पारअनलॉक केल्यावरही लॉक पुन्हा पुन्हा येत असेल, एखादा सेल बूट-इज-ब्लॉक्डपर्यंत पोहोचतच नसेल, पारस्टेटस आणि एमपीची सीपी कमांड सेलांचे वेगवेगळे वाटप दाखवत असतील, किंवा एमपीच्या एसएल नोंदींमध्ये त्या सेलाविषयी गंभीर पातळीच्या सूचना दिसत असतील, तर अडचण कमांडच्या पलीकडची आहे. अशा वेळी सेल बोर्ड बाहेर ओढून पुन्हा बसवणे, फर्मवेअर बदलून पाहणे किंवा कॅबिनेटची वीज बंद करून चालू करणे हे उपाय करू नयेत. त्या कॅबिनेटवर इतरांची चालू कामे असतात आणि बिघाडाच्या खुणाही त्यात पुसल्या जातात.

अभियंता येण्याआधी सुरुवातीचा आणि आताचा सेलांचा तक्ता, पार्टिशनची यादी, व्हीएफपीवरील स्थिती, एसएलमधील नोंदी आणि दिलेल्या प्रत्येक कमांडची वेळ एका फाइलमध्ये तयार ठेवावी. पाररिमूव्हला मोठा एफ दिला होता का आणि पारअनलॉक कोणत्या पर्यायाने चालवले, या दोन गोष्टी तिच्यात सर्वांत वर लिहाव्यात, कारण त्यांची उत्तरे कळली की पुढचा निर्णय घेणे त्याला सोपे जाते.